पाचशे टनांचं आयुष्य

विज्ञान केंद्राच्या वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे तपासनीस म्हणत. हुद्दा साधा वायरमनचा. पण घरातून निघताना गॅस तीनदा बघायचा, कुलूप ओढून बघायचं, जिना उतरून पुन्हा वर यायचं, हा रोजचा नेम. "त्या कुलपाला घाम फुटला असेल, या आता खाली," असं बायको जिन्यातून ओरडायची. मात्र तीस वर्षांत त्यांच्या हातच्या यंत्राने एकाही पोराला झटका दिला नव्हता, आणि याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

या वेळचं यंत्र होतं चिमुकल्या कृष्णविवरांचं. कृष्णविवर सगळं गिळतं एवढंच लोकांना ठाऊक असतं; ते हळूहळू विरूनही जातं, आणि जितकं लहान तितकं तापट, म्हणून तितकंच झटपट विरतं, हे पोरांना दाखवायचं होतं. असं चिमुकलं विवर अजून कोणी पाहिलेलं नाही, सगळा कागदावरचा हिशेब. भौतिकशास्त्राच्या बाईंनी आकडा दिला: हजार टनांचं विवर, अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी लहान, चौऱ्याऐंशी सेकंदांत खलास. बटण फिरवून वजन निवडायचं, कळ दाबायची, की दिवा मिणमिणत सुरू होणार, शेवटी लख्ख पेटणार आणि विझणार.

"आणि वजन कमी केलं तर?" तपासनिसांनी विचारलं होतं.

"तर वेळ कमी," बाई मीटिंगला पळता पळता म्हणाल्या.

तपासनिसांनी पंख्याच्या रेग्युलेटरसारखं सरळसोट काम केलं. बटण अर्धं, वेळ अर्धा. बाईंनी येऊन बटण पूर्ण फिरवलं, घड्याळात चौऱ्याऐंशी भरले, आणि सही केली.

दुसऱ्याच दिवशी अभिप्रायाच्या वहीत कोणीतरी लिहिलं: 'पाचशे टनांना बेचाळीस सेकंद येतात. साडेदहा यायला हवेत. कृपया तपासावे.' खाली शाळेचं नाव, इयत्ता नववी, हजेरी क्रमांक सतरा. वहीत प्रश्न आला की उत्तर लिहून, पान शाळेला पाठवायची केंद्राची पद्धत होती. तपासनिसांनी ते वाचलं आणि त्यांना रागच आला. चौऱ्याऐंशीचे निम्मे बेचाळीस, हे दुसरीतलं पोरही सांगेल. त्यांनी खाली ठसठशीत लिहिलं: 'तपासले. बरोबर आहे.' पान शाळेला गेलं.

आठवड्याने बाईंनी लिहिलेली माहितीची पाटी छापून आली. तपासनीस ती ठोकायला बसले. तीन स्क्रू बसले, चौथा पिळताना नजर ओळीवर गेली: 'वजन निम्मे झाले, तर आयुष्य आठव्या भागावर येते.' त्यांचा हात थांबला. चौऱ्याऐंशीला आठने भागलं. पुन्हा भागलं. साडेदहाच आले. स्क्रू बोटांतून निसटून घरंगळत कुठे गेला ते त्यांना कळलंही नाही.

ते तसेच उठून बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"सही माझी आहे हो त्यावर," त्या म्हणाल्या. "मी अर्ध्यावर बघितलंच नाही. आज बंद ठेवा, दुरुस्त करून टाका. कुणाला कळलंय कुठे?"

"नववीतल्या एका पोराला कळलंय," तपासनीस म्हणाले.

दुरुस्तीला दुपार पुरली. पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी घास उतरेना. बायकोने खोदून खोदून सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "मग जा की शाळेत. इथे माझ्यासमोर बसून काय होणार?" दुसऱ्या दिवशी ते निघाले, तेव्हा कुलूप एकदाही ओढलं नाही. तिकडे बायकोलाच काळजी लागली.

शाळेच्या फाटकाशी पाय अडले. कोणी हसेल याची भीती नव्हती. त्या पोराने आपला शब्द खरा मानला असेल, याची होती. मानला नसेल, असं ते स्वतःला बजावत राहिले. पोरं कुठे ऐकतात कुणाचं?

सरांनी हजेरी क्रमांक सतराला बाहेर बोलावलं. दोन वेण्यांची किडमिडी मुलगी आली, आणि केंद्राचा माणूस म्हटल्याबरोबर रडकुंडीला आली.

"मी पुन्हा नाही लिहिणार वहीत," ती म्हणाली.

"अगं बाळा, तुझंच बरोबर होतं," तपासनीस घाईघाईने म्हणाले. "साडेदहाच. माझं यंत्र चुकलं होतं. मी दुरुस्त केलंय."

तिने सरांकडे बघितलं. सर घसा खाकरत म्हणाले, "आम्ही म्हटलं, तिथली जाणती माणसं तपासून लिहितात, तर चूक आपलीच असणार. शोधून काढ म्हणालो."

मुलीने दप्तरातून वही आणून उघडली. साडेदहावर लाल पेनाने काट मारलेली होती. खाली तिने तेच गणित पुन्हा मांडलं होतं. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात वजनाचा घन घ्यायला सांगितला होता. बेचाळीस येईनात, म्हणून शेवटी तिने तो घनच खोडून टाकला होता. मग बेचाळीस आले होते. ही कसरत चार पानं चालली होती. चौथ्या पानावर कागद खोडरबराने फाटला होता.

तपासनिसांनी चारही पानं बघितली. 

"काका," तिने हळूच विचारलं, "तुम्ही त्या दिवशी कसं तपासलं होतं? मला तसं येतच नव्हतं."

सर बाजूलाच उभे होते. वर्गातली पोरं दारातून डोकावत होती.

"तपासलंच नव्हतं," ते म्हणाले. "नुसतं लिहिलं होतं."