अकराचा डबा

मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, की समजायचं, सर आता आपलं ऐकणार. तुम्हीही पुष्कळ मास्तर पाहिले असतील. पण पोरगी बोलायला लागली की घड्याळ काढून ठेवणारा कुणी पाहिलाय?

साताऱ्याच्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवायचे. माणसाचं लक्ष कशानं टिकतं, कशानं उडतं, हा त्यांचा अभ्यास. छापील कागद द्यायचे, त्यातले सगळे 'क' खोडायला लावायचे आणि शेजारी मुद्दाम रेडिओ लावायचे. कुणी चुकलं तरी रागवायचे नाहीत. "लक्ष कुठं गेलं, ते आधी बघू," एवढंच.

रेडिओनं मी हलायची नाही. रहिमतपूरकडच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण अकराच्या सुमाराला माझे 'क' सुटायचे.

"अकराला काय असतं गं?"

"आमची एसटी येती, सर. आई डबा पाठवती."

"भूक लागते?"

"न्हाई सर. भाऊ फौजेत हाय. लढाई संपली, पर पलटण अजून बॉर्डरवरच हाय. डबा आला म्हंजे घरी तार आली न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून अकराला सरच स्टँडवर जायला लागले. दारात येऊन फडक्यात बांधलेला डबा हात उंच करून दाखवायचे. "आला. आता वाच."

पोरी फिदीफिदी हसायच्या. "अगं, सरांना एसटीत हमाली लागली काय?" सरही हसायचे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर नेमका अकराचा. घंटा झाली, कागद पुढ्यात आला, तरी मी खिडकीकडंच बघत होते. मग बाहेर सर दिसले. हात उंच, हातात फडक्याची गाठ. मी लिहायला लागले.

पेपर सुटल्यावर गाठ सोडली. आत घडीच्या पोळ्या. आमच्याकडं रोज भाकरी; पोळी सणाला.

"सर, ह्यो डबा तुमचा हाय."

त्यांनी घड्याळ काढलं, खिशात टाकलं. "डबा नाही, कंडक्टरबरोबर निरोप आला. घरी तार आलीय. सुरुंगानं पाय गेला. जीव आहे. कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारलं, मगच हात वर केला."

"खोटं दाखवलंत मला!"

"हो. तीन तास तुझी काळजी मी धरली. आता घे, ती तुझी आहे. गाडी लागलीय, चल, बसवून देतो."

एसटी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते. मी तोंड फिरवून बसले. पुढच्या पेपराला आईनंच मला परत धाडलं, डबा हातात देऊन.

भाऊ कुबडी घेऊन आला. सर नंतर सांगलीला गेले, तेव्हा तो मुद्दाम त्यांना भेटून आला. "लय येगळा माणूस गं," म्हणाला. "मी बोलाय लागलो तवा घड्याळच काढून ठिवलं."

सर वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

आता मी शाळेत शिकवते. परीक्षेच्या वर्गावर असताना एखादी पोर खिडकीबाहेर बघत बसली, तर तिला हटकत नाही. मीही तिकडं बघते. बाहेर नुसतं ऊन असतं. त्यात वर केलेला हात नसतो.