मधुराची रिंग आलीच नाही

मंडळी, आज मी जाम चिडलेय आणि सगळ्या ग्रुपला सांगूनच चिडणार आहे.

सकाळी मी इथे मेल टाकलेली: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या आईने आज पहिल्यांदा स्वतः सुईत दोरा ओवला.

जुन्यांना आठवत असेल, आपण पाच-सहा जणीच होतो तेव्हा मेल वाचली की पाठवणारीला फोनची एक रिंग द्यायची आणि फोन ठेवून द्यायचा. तिने उचलायचा नाही, म्हणजे बिल नाही. माजिवड्याच्या मधुराची रिंग आमच्या डोंबिवलीच्या घरात सगळ्यांत आधी वाजायची. आई म्हणायची, "वाचलं गं तुझ्या मधुराने!"

आज दुपारपर्यंत फोन गप्प. शेवटी मीच तिला लावला, तर एंगेज. नंतर पुन्हा एंगेज. म्हणजे फोनची लाइन अडवून बाई नेटवर होत्या!

मग मीही नेट लावलं. अळूच्या भाजीत गूळ घालावा की नाही, यावर ग्रुपात जुंपलेली. मधुराने एकेका नव्या मेंबरला प्रेमाने उत्तर दिलेलं. कल्याणच्या शिल्पाला तर चक्क "अगं शिलू". कालच आलीय ती! माझ्या मेलला मात्र कुणाचंच उत्तर नाही.

ग्रुप वाढला, छान झालं. पण मला शिलूचा राग आलाय, खोटं कशाला बोलू? तुमचीही एखादी मैत्रीण अशी गर्दीत गेलीय का?

मधुरा, तू इथे उत्तर लिहू नकोस. ही मेल पाठवून मी नेट बंद करतेय, म्हणजे फोन मोकळा राहील. आई शिवण घेऊन फोनजवळच बसलीय.