जॅक गिरणीत आहे

आजकाल मोबाइलवर कुणीही उठतो आणि ट्रक ड्रायव्हरनं गाडीत काय काय ठेवावं ते सांगतो. इस्त्रीचा शर्ट, मागं नवीकोरी गाडी, हातात चकचकीत पाना. जॅक पाहिजे, टामी पाहिजे, चाकाचा पाना, दोर, ताडपत्री, टॉर्च, दाभण आणि सुतळी पाहिजे. मी जेवता जेवता ते बघतो आणि बायकोला म्हणतो, हा माणूस नक्की कुठल्याच गल्लीत राहत नसणार.

कारण हे सगळं सामान माझ्याकडंही आहे. फक्त ते गाडीत नसतं.

आमची गल्ली जिंतूरची. तोंडाशी मोकळी जागा आहे, तिथं माझा ट्रक उभा राहतो. तो उभा राहिला आणि मी अंघोळीला गेलो की गल्लीतला एकेक माणूस सहज फिरत फिरत ट्रकच्या बाजूच्या पेटीकडं जातो. मागितलं तर देतो मी, तो प्रश्न नाही. रस्त्यावर अनोळखी ड्रायव्हरनं हात केला तरी जॅकला नाही म्हणायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता. मग शेजाऱ्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? तोही बिचारा "आत्ता आणून देतो" एवढंच म्हणतो. या "आत्ता"ला आमच्याकडं फार जागा असते. त्यात एक अख्खा पावसाळा आरामात मावतो.

हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. या पेटीपायी माझं लग्न मोडायला आलं होतं, म्हणून सांगतोय.

ड्रायव्हर म्हटलं की मुलीकडची माणसं चहा अर्धा ठेवून उठतात, हा तेव्हा आमच्या घरचा नेहमीचा अनुभव होता. महिना महिना बाहेर राहतो, ढाब्यावर जेवतो, घेत असेलच, असं त्यांचं गणित. मी घेत नाही हे आई आल्यागेल्याला इतक्यांदा सांगायची की ऐकणाऱ्याला उलट संशय यायचा. अशात पूर्णेचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील रेल्वेत फिटर होते, निवृत्त झालेले. आम्ही बघायला गेलो. ती मुलगी मान खाली घालून बसली नाही. तिनं सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "गाडी बंद पडल्यावर काय करता?" मी म्हणालो, आधी खाली उतरतो. ती हसली. त्या हसण्यावर मी तिथंच खलास झालो. परत येताना पूर्णा ते जिंतूर आई काहीबाही बोलत होती, मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.

मुलीची पसंती आली. आता वडील घर बघायला येणार आणि मग होकार देणार, एवढंच उरलं होतं. पण ते "एवढंच" साधं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर इंजिनाचे नटबोल्ट तपासले होते आणि याआधीची तीन-चार स्थळं घर बघून आल्यावर नाकारली होती, अशी बातमी मध्यस्थानं आधीच पोचवली होती.

आईनं ते मनावर घेतलं. भिंतींना चुना दिला, फोटोंना नवे हार घातले, उशांचे अभ्रे बदलले. पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात जन्मभराचा पसारा. बंद पडलेला टेबल फॅन, कान तुटलेलं पातेलं, फुटका आरसा, पोटातून कापूस बाहेर आलेली गादी, एकेकटी चप्पल. टाकून दे म्हटलं की आई म्हणायची, राहू दे, लागतं. मी त्या वेळी सोयाबीन घेऊन लातूरला गेलो होतो. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी परत आलो, ट्रक लावला आणि सरळ न्हाणीत गेलो. बाहेर आलो तर घर असं लख्ख झालेलं की मला वाटलं चुकून दुसऱ्याच्या घरात आलो. पसारा कुठं गेला हे विचारायचं मला सुचलं नाही. पाहुण्यांची जीप आलीच होती.

जीपमधून मुलीचे वडील, तिचे काका आणि मध्यस्थ उतरले. जयभीम झाला. पाणी झालं. आईनं सुशीला केला होता, मुरमुरे नीट भिजवून, वर कोथिंबीर, शेंगदाणे. काकांनी दोनदा घेतला. मुलीच्या वडिलांनी मात्र घराकडं बघितलंच नाही. चुना, हार, अभ्रे, सगळं वाया. बशी रिकामी करून त्यांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "घर काय, समद्यायचं सारखंच असतंय. गाडी दाखवा."

मला आनंद झाला. गाडीची मला लाज वाटायचं कारण नव्हतं. आईच्या तोंडाचा रंग उडाला, तो मी पाहिला, पण मला वाटलं तिखट लागलं असेल.

त्यांनी ट्रकला एक चक्कर मारली. टायर हातानं ठोकून बघितले, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, मान हलवली. मला धीर आला. मग पेटीशी थांबले आणि म्हणाले, ड्रायव्हर कसा आहे ते त्याच्या पेटीवरून कळतं. मी मोठ्या ऐटीत कडी काढली.

आधी टेबल फॅन माझ्या पायावर पडला. त्याच्यामागून गादी. मग पातेलं घरंगळत त्यांच्या बुटापाशी जाऊन थांबलं. आत फुटका आरसा उभा होता आणि त्यात त्यांचं तोंड दोन तुकड्यांत दिसत होतं. घर बघायला येणारा माणूस ट्रकची पेटी कशाला उघडेल, असा आईचा हिशेब होता. हिशेब चुकीचाही नव्हता, फक्त पाहुणा चुकीचा होता.

त्यांनी पातेलं उचलून बाजूला ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "जॅक?"

"गिरणीत आहे," मी म्हणालो.

आणि ते खरं होतं. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा एक पाय फरशीत खचला होता. गिरणीवाल्या चाचांनी तो उचलायला पोळ्याच्या सुमारास जॅक नेला, पाय उचलला, आणि मग जॅक तिथंच राहू दिला. तेव्हापासून अख्खी गल्ली माझ्या जॅकवर दळलेल्या पिठाच्या भाकरी खात होती.

टामी कुठंय? टामी समोरच्या काकूंकडं. नळाच्या खड्ड्यावरची शहाबादी फरशी त्या लोखंडी पहारीनंच उचलायची आणि पाणी सोडायचं. पाणी आठवड्यातून कधी येईल नेम नाही, म्हणून काकू ती उशाशीच ठेवायच्या. ताडपत्री? शेजारच्या मास्तरांच्या सोयाबीनवर. दोर? मी मान वळवली. दोर आमच्याच अंगणात होता, त्यावर आईचं लुगडं वाळत होतं. दाभण आईच्या वाकळीत खोचलेलं. चाकाचा पाना मात्र कुणाकडं आहे हे मलाच आठवेना.

मुलीच्या वडिलांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि म्हणाले, "कळवतो."

आमच्याकडं लग्नाच्या बाबतीत "कळवतो" म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आई दारात पदर तोंडाला लावून उभी. मला तिच्यावर रागावताही येईना. त्या मुलीचं हसणं आठवलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं होतं.

जीप निघाली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन एका बाजूला कलली. चाकात बाभळीचा काटा नव्हे, चांगला बोटभर खिळा होता. जीपवाला उतरला, मागं गेला, सीट उचलली आणि डोकं खाजवत उभा राहिला. त्याचा जॅक त्याच्या मेहुण्याकडं होता. त्या मेहुण्यानं तो आत्ता आणून देतो म्हणून नेला होता.

मुलीच्या वडिलांनी माझी पेटी तपासली होती, पण ज्या जीपमध्ये बसून आले तिची तपासली नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच नजर वळवली.

मी गिरणीकडं धावलो. चाचा म्हणाले, "जॅक काढला तर गिरणी बसते, बेटा. दळण चालू हाय. थांब, मीच येतो." आणि पांढऱ्या भुवयांनी तसेच बाहेर आले. त्यांना पाहून दळणाला आलेली माणसं निघाली. काकू टामी घेऊन आल्या. मास्तर हात झटकत आले. चाकाचा पाना चांभाराच्या टपरीतून निघाला, तो त्याला चामडं ठोकायला बरा पडत होता. टामी खाली घातली, तिच्याखाली लाकडी ठोकळा, आणि बाकीच्यांनी जीपला खालून हात घातला. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. जीप वर आली. नट मी काढायला बसलो, तर मुलीच्या वडिलांनी माझ्या हातातून पाना घेतला, पांढऱ्या शर्टासकट मातीत बसले आणि स्वतः चाक बदललं. रेल्वेचा हात, तो कुठं गप्प बसणार.

उठल्यावर त्यांनी चाचांना विचारलं, या पोराचा जॅक देणार कधी?

"देतोच की आत्ता," चाचा म्हणाले, "दळण सरलं की."

तेव्हा ते हसले. शर्ट काळा झालेला, मिशीला पीठ लागलेलं, आणि हसता हसता खाली बसले. मग माझ्या आईकडं वळून म्हणाले, "पोरगी देली म्हना तुमाला. रस्त्यात अडकायची न्हाई ती. पर पेटीला कुलूप लावा, बाई."

आई रडली. काकूही रडल्या. मी पातेलं उचलायच्या निमित्तानं ट्रकमागं गेलो.

लग्न पूर्णेच्या विहारात झालं. सासऱ्यांनी मला जॅक, टामी, पाना असं सगळं भरून नवी लोखंडी पेटी दिली, पितळी कुलपासकट, आणि किल्ली माझ्या हातात न देता मुलीच्या हातात दिली. ती किल्ली अजून तिच्या कमरेला असते. गल्लीतली माणसं आता तिच्याकडं मागतात आणि ती सगळ्यांना विचारते, कशाला पाहिजे, कधी आणणार. पुष्कळजण त्या प्रश्नांनाच घाबरून परत जातात. एवढी वर्षं पेटी भरलेली होती. मला तर कधीकधी पेटी उघडून नुसतं बघत बसावंसं वाटायचं.

मागच्या महिन्यात नांदेडला निघालो, पेटी उघडली, तर जॅक नव्हता. बायकोला विचारलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. पूर्णेला सासऱ्यांच्या पाण्याच्या टाकीच्या स्टँडचा एक पाय खचला होता म्हणे. मी झोपलेलो असताना ते स्वतः येऊन घेऊन गेले होते, आणि कुलूप तिनंच काढून दिलं होतं.

मी फोन लावला. म्हणालो, "मामा, जॅक कधी देता?"

पलीकडं पाणी पडल्याचा आवाज येत होता. टाकी भरत होती.

"कळवतो," ते म्हणाले.

इकडं बायको हसत होती. तेच हसणं. मी फोन ठेवला आणि माझाच जुना, आता चाचांचा झालेला जॅक मागायला गिरणीकडं गेलो.