रायाजी जिवंत आहे म्हणणारा माणूस

निगडीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चढलो तेव्हा रघुनाथची जागा रिकामी होती. "रघुदादा गेला, हार्ट," एवढं सांगून ड्रायव्हरनं गिअर टाकला. शोकसभेत साहेबांनी त्याला 'अबोल कामगार' म्हटलं. अबोल म्हणे... साहेब आमच्या बसनं कधी आले नाहीत, एवढंच त्यातून कळलं.

रघू टूलरूममध्ये फिटर, साताऱ्याकडचा. मी ड्रॉइंग ऑफिसात. इतका बिनडोक वाद घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याला वेड 'वाघकडा' या सिनेमाचं. कासारवाडीच्या तंबूत आम्ही तो बरोबरच पाहिला. भिकार सिनेमा. शेवटी नायक रायाजी खलनायकाला मिठी मारून कड्यावरून उडी घेतो, तेव्हा पुठ्ठ्याचा कडा हललेला मी या डोळ्यांनी पाहिला. विषय तिथंच संपायला हवा होता. पण पुढं चिंचवड स्टेशनाजवळच्या भिंतीवर जाहिरात रंगली, लवकरच येत आहे, 'वाघकड्याचा वारसदार'. आणि आमच्या बसचं वाटोळं झालं.

मी म्हटलं, वारस लागतो तो माणूस मेल्यावर, हे कुठल्याही तलाठ्याला विचार. रायाजी संपला, आता त्याचा मुलगा मारामाऱ्या करणार. रघूनं तंबाखू मळत माझ्याकडं दयेनं पाहिलं. "माझा पोरगा माझा वारसदारच हाय की. म्हणून मी मेलोय व्हय, राव?" शिवाय भिंतीवरच्या चित्रात तलवार डाव्या हातात, रायाजी डावखुरा, म्हणजे तो जिवंत. त्या पेंटरनं नायिकेला सहा बोटं काढली होती, त्याचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाला, ते पुढच्या भागात कळंल. याच्या हिशेबानं सिनेमाचे तीन भाग होते आणि रायाजी तिसऱ्यात म्हातारा होऊन मरणार होता. सिनेमा काही येईना. वर्षानुवर्षं हेच दळण, आणि बसमधले निम्मे गाढव त्याच्या बाजूनं.

सिनेमा आला तो रघू गेल्यावर. मी एकटाच गेलो. पहिल्याच रिळात रायाजीची चिता जळाली. मी जिंकलो होतो. ताडकन बाजूला वळलो, तर तिथं कुणी अनोळखी माणूस शेंगा खात बसला होता. मला त्या रघूचा असा संताप आला म्हणून सांगू... नेमकं याच वेळी मरायचं होतं का याला?

राहवेना, म्हणून त्याच्या घरी गेलो. शांतावहिनींनी चहा ठेवला. मी म्हटलं, "वहिनी, रायाजी मेला बरं का." त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या.

"ते त्यांना ठावंच होतं की, भावजी. मेलाच म्हणायचे घरी. पण तसं कबूल केलं तर तुमी बसमधी बोलणार कशावर, म्हणायचे. तुमी दुसऱ्या कुणाशी बोलत न्हाई म्हणं."

चहा कसाबसा प्यालो. लबाड माणूस. मला वर्षानुवर्षं खेळवलं त्यानं.

परवा त्याच भिंतीवर तिसऱ्या भागाचं नाव रंगलेलं दिसलं, 'रायाजीची आण'. बसमध्ये मी मोठ्यानं म्हटलं, चिता जळताना तोंड कुणाचं दिसलं नव्हतं, म्हणजे रायाजी जिवंत आहे. पुढच्या बाकावरचे जोशी मागं वळले. "असेल बुवा," म्हणाले, आणि परत पेपर वाचायला लागले.