स्वच्छ पाण्यातले पाय

"बघा, निघतंय!"

टबात पाय सोडून बसलेल्या माणसापेक्षा काकूच जास्त वाकून पाण्यात बघत. पाणी आधी पिवळसर, मग नारिंगी आणि शेवटी चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होई. मग काकू भिंतीवर चिकटवलेल्या रंगांच्या तक्त्याशी ते ताडून पाहत आणि निकाल देत. "नारिंगी म्हणजे सांधे. हे काळपट कण दिसतायत ना, ते लिव्हर. तुम्ही समोसे बंद करा."

"काकू, आमच्या साहेबांनी ऐकवलेलं काही निघतंय का बघा," एकदा कुणीतरी म्हणालं.

"ते कानातून आत गेलं, कानातूनच निघायचं. पायांना कशाला दोष देता?"

अशा काकू तुमच्याही कॉलनीत असतील. आमच्या कॉलनीतल्या या काकू माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही शेजारी होतो, निवृत्तीनंतर अयोध्या नगरातही शेजारीच घरं घेतली. मूळच्या इंदूरच्या, त्यामुळे बोलण्यात हिंदी सहज मिसळे आणि आलेला माणूस काही खाल्ल्याशिवाय परत जात नसे. महिला मंडळात एक विक्रेता आयनिक फूट बाथ नावाचं यंत्र दाखवून गेला आणि काकूंनी ते घेतलं. एक टब, एक पेटी आणि पाण्यात सोडायच्या धातूच्या दोन पट्ट्या. पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पाय बुडवायचे. तळव्यांतून शरीरातलं विष निघतं म्हणे. कॉलनीत त्याला पायांचं मशीन म्हणत. शनिवारी त्यांच्या व्हरांड्यात रांग लागे. इतर दिवशी काकू एकट्याच पाय सोडून बसत.

त्याचं कारण होतं. चौऱ्याऐंशी सालच्या विषारी गॅसगळतीच्या रात्री काकू जुन्या शहरात बहिणीकडे मुक्कामाला होत्या. बहीण गेली, काकू वाचल्या. त्या रात्रीबद्दल त्या बोलत नसत. फक्त जिना चढताना दम लागला की छातीवर हात ठेवून म्हणत, "आत आहे अजून. गेला नाही तो." डॉक्टर त्यांना समजावत की गॅस केव्हाच गेला, मागे राहिली ती त्यानं फुफ्फुसांना केलेली इजा, तिच्यासाठी रोज श्वासाच्या औषधाचा पंप ओढायचा, चुकवायचा नाही. काकू पंप ओढत, पण गॅस गेला यावर त्यांचा विश्वास बसत नसे. गेला असेल तर जाताना दिसला कसा नाही?

तो आता टबात दिसत होता.

मी कारखान्यात प्लेटिंगमध्ये होतो. विजेच्या मदतीनं एका धातूचा मुलामा दुसऱ्यावर चढवायचा, हे माझं आयुष्यभराचं काम. मिठाच्या पाण्यात लोखंडी पट्ट्या सोडून वीज दिली की पट्टी झिजते, लोखंड पाण्यात उतरतं आणि पाणी गंजाच्या रंगाचं होतं. त्यात पाय असोत वा नसोत. शरीर नको असलेलं सगळं मूत्रपिंडं आणि यकृत यांच्या वाटेनं टाकतं, तळव्यांतून नाही. कोमट पाण्यात पाय ठेवल्यावर बरं वाटतं ते खरं, पण त्याला साधी बादलीही पुरते. पहिल्याच दिवशी मला हे सगळं कळलं होतं.

एका शनिवारी काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "भावजी, तुम्ही प्लेटिंगवाले. सांगा यांना, पाण्यात निघतं की नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काकूंचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या मुलीसारखा झाला होता. मी म्हणालो, "पाण्यात काहीतरी उतरतं, हे खरं."

"ऐका! साहेब बोलले, बस!" काकूंनी सगळ्यांना बजावलं.

माझ्या वाक्यात चुकीचा एक शब्द नव्हता. पुढे काकू नव्या माणसाला ते वाक्य ऐकवत आणि मी मान हलवत असे.

"माहीत आहे तर सांगत का नाही?" बायको चिडायची.

"योग्य वेळ आली की सांगतो."

"योग्य वेळ काय भोंगा वाजवून येणार आहे?"

मग पेटीतला दिवा बंद पडला आणि काकू ती माझ्याकडे घेऊन आल्या. मी दिवा दुरुस्त केला आणि पट्ट्यांकडे जाणारी एक तार काढून ठेवली. आता दिवा लागणार होता, पेटी गुणगुणणार होती. पाण्यात मात्र वीज जाणार नव्हती. माझा हिशोब सोपा होता. पाण्याला रंग येणार नाही, मशीन बिघडलं म्हणून काकू ते माळ्यावर टाकतील आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघून काही सांगावं लागणार नाही. यंत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाला बोलण्यापेक्षा तार काढणं सोपं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "भावजी, लवकर या! वहिनी, तुम्हीपण!"

आम्ही धावत गेलो. काकू टबात पाय सोडून बसल्या होत्या. पाणी नितळ होतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"दोनदा करून बघितलं. काहीच निघत नाही. संपलं, भावजी. गेला तो."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही मशीन नीट केलंत म्हणून आज कळलं."

काकूंनी मशीनचं चक्क उद्यापन केलं. व्रत पुरं झालं की ते थांबवायचं असतं, तसं पायांचं मशीनही आता वापरायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. माझ्या बायकोला टबाला हळदकुंकू लावायला सांगितलं आणि शनिवारच्या मंडळींना पुरणपोळीचं जेवण घातलं. मला आग्रहानं वाढलं. जेवताना त्या सहज म्हणाल्या, "पंपही ठेवून दिला देव्हाऱ्याखाली. आता कशाला?"

"डॉक्टरांना विचारा आधी," मी म्हणालो.

"विष दिसायचं तेव्हा दिसलं, आता नाही दिसत. डॉक्टर अजून काय सांगणार? पोळीवर तूप घ्या."

मी तूप घेतलं.

थंडीत त्यांचा दम वाढला. सर्दी आहे म्हणत त्यांनी अंगावर काढला. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पंप कधीपासून बंद आहे? उत्तर मी दिलं. उद्यापनापासून, असं कसं सांगणार? काही आठवड्यांपासून, म्हणालो. काकू घरी परतल्या नाहीत. पंप चालू असता तर त्या वाचल्याच असत्या, असं कोणीच सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण तो बंद का झाला, ते मला माहीत होतं.

शोकसभेत महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, काकू अंतर्बाह्य शुद्ध होऊन गेल्या. पुढे माझी पाळी होती. काकू फार प्रेमळ होत्या, एवढं बोलून मी खाली बसलो. काकूंच्या पुतण्यानं मशीन आठवण म्हणून माझ्याच घरी आणून ठेवलं.

गेल्या महिन्यात बाग सेवनिया वस्तीतून एक बाई आल्या. त्यांच्या यजमानांची मूत्रपिंडं अधू झाली आहेत, औषधांचा त्यांना कंटाळा आलाय. "काकूंचं विष ज्यानं काढलं ना, तेच मशीन हवंय," त्या म्हणाल्या.

मी पेटी उघडली आणि तार जोडली. टबात पाणी आणि मीठ टाकून बटण दाबलं. पाय कुणाचेच नव्हते. आम्ही तिघं, मी, बायको आणि त्या बाई, बघत बसलो. पाणी पिवळसर झालं, मग नारिंगी, मग तपकिरी.

"मग काकूंचं काय निघत होतं?" बाईंनी विचारलं.

"या पट्ट्यांचं लोखंड. औषधं थांबवू देऊ नका त्यांना."

बाईंनी टबाकडे बोट केलं. "आणि शेवटी त्यांचं पाणी स्वच्छ झालं होतं, ते?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"ते मी केलं," मी म्हणालो आणि त्यांना सगळं सांगितलं. आज तुम्हालाही तेच सांगतो आहे.

बाई गेल्यावर मी ते गढूळ पाणी मोरीत ओतलं. डोळ्यांपुढे मात्र काकूंचाच टब होता. तळ दिसावा इतकं नितळ पाणी, त्यात त्यांचे भेगाळलेले पाय, बोटांवर पूर्वीच्या जोडव्यांचे फिकट वळ आणि पाण्यात गंमत म्हणून हलणारे अंगठे.