करीच्या दिवसाचे गाडे

आमच्या गावची वेस उताराच्या तळाशी आहे. वर टेकाडावर मारुती. तिथून मुरमाची वाट खाली येते, मध्ये एकदाच डावीकडे वळते आणि वेशीच्या कमानीत शिरते. पोळ्याला बैल याच वाटेने गावात येतात. कमानीत आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते, आणि पाटलाची जोडी ते तोडून आत जाईपर्यंत कुणाचाही बैल पुढे पाऊल टाकत नाही. पाटलाची जोडी म्हातारी असो, लंगडत असो, सारा गाव मागे उभा राहतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पोरे हेच सारे करतात. खोक्यांना चाके लावून केलेले गाडे टेकाडावर ओढून नेतात. तोरण पुन्हा बांधले जाते. आधी पाटलाच्या घरचा गाडा सुटतो, तो तोरण तोडून गावात शिरला की मग बाकीचे सुटतात. आणि याला आमच्याकडे शर्यत म्हणत.

मला हे सहन होत नसे. जिचा निकाल शर्यतीच्या आधी लागलेला असतो ती शर्यत नव्हे, तो मुजरा.

मी तेव्हा सोलापुराहून शिक्षण अर्धवट टाकून आलो होतो. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, आमचे गाव निजामाच्या. मध्ये नाका. शेंगांच्या पोत्यात घालून आम्ही पत्रके अलीकडे आणत असू, आणि वाटण्याआधी मी ती पाठ करीत असे. जुलूम, गुलामी, उठा, हे शब्द माझ्या जिभेवर असत. आजही असतात, आणि त्यांची मला लाज वाटत नाही. पण रियासतीत चार माणसे जमवायची तर अमिनाची, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराची, इजाजत लागे. सभा बंद, प्रभातफेरी बंद. माणसे एकत्र जमण्याची दोनच निमित्ते गावात उरली होती, बाजार आणि सण. बाजारात कुणी ऐकून घेत नाही. म्हणून मी सण धरला. या करीला सारे गाडे एका रेषेवरून एकदम सुटतील आणि जो आधी येईल तो तोरण तोडील, असे मी ठरवले.

गावात मला कुणी पुढारी म्हणे, कुणी नुसते हसे. पोरे मात्र आली.

वाण्याच्या दुकानामागे साबणाची आणि रॉकेलची रिकामी खोकी पडलेली असत, ती आम्ही आणली. हैदराबादच्या सडकेवर लॉऱ्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडे झिजलेली बेरिंगे मागितली, तर त्याने धोतराच्या ओच्यात मावतील तेवढी घातली आणि म्हणाला, "लेके जाओ मियाँ, मगर पोट्ट्यां के हात-पाँव सलामत रखो." पोरे त्या बेरिंगांना एरंडेल चोपडू लागली, बैलगाडीच्या आखाला घालतात तसे. एरंडेलात धूळ बसून ती रुतू लागली. मग आम्ही आधी ती रॉकेलात धुतली. रॉकेल रेशनवर होते, म्हणून प्रत्येकाने घरच्या चिमणीतले थोडे थोडे चोरून आणले.

पुढची फळी एका बोल्टावर फिरती ठेवली आणि तिच्या दोन टोकांना दोऱ्या बांधल्या. पोरे त्यांना कासरेच म्हणत. त्यातून घोटाळा झाला. उतारावर वेग वाढला की जो तो दोन्ही कासरे छातीशी ओढी आणि "हो, हो, हो!" म्हणून ओरडे. बैल अशाने थांबतो. बेरिंगाला त्याचे काय? ओरडत ओरडत पोरगे निवडुंगात जाई.

"खोक्याला कान हायेत का रं?" पाटलाचा धाकटा मुलगा हसून विचारी. तोही माझ्याकडेच शिकत होता. मी त्याला नको म्हणालो नव्हतो, आणि त्यानेही आपला गाडा आधी सोडा असे कधी म्हटले नव्हते. पोरगा चांगला होता.

मी त्यांना शिकवले की डावा ओढला तर डावीकडे, उजवा ओढला तर उजवीकडे, दोन्ही ओढलेत तर मेलात. थांबायचे ते पायाने. प्रत्येक गाड्याला पायापाशी एक लाकडी दांडी होती, तिच्या टोकाला लॉरीच्या टायरचा तुकडा. दांडी दाबली की तो जमिनीवर घासे. कमान ओलांडली की लगेच ब्रेक दाबायचा, कारण आत चार पावलांवर आडाचा दगडी कठडा आहे. पण कमानीच्या आधी दाबायचा नाही. हे मी त्यांच्याकडून रोज म्हणवून घेत असे.

सगळ्यांत आधी हे कुणाच्या अंगात भिनले असेल तर पाटलाच्या सालगड्याच्या पोराच्या. सालगडी म्हणजे सालभरासाठी बांधून घेतलेला गडी, त्याचे साल पाडव्याला ठरते. हा पोरगा बारा-तेरा वर्षांचा, कानाशी खरूज, बोलणे कमी. वळणावर बाकीची पोरे चाकाकडे बघत, हा वेशीकडे बघे. त्याचा गाडा कधी उलटला नाही. एकदा बेरिंग पुसता पुसता त्याने मला विचारले, "दादा, तोरण गाड्यानं तुटतंय का डोक्यानं?"

"डोक्याला लागूनच तुटणार. गाडा तेवढा उंच कुठाय?"

"मग पानं अंगावर पडत असतील," तो म्हणाला, आणि पुन्हा पुसू लागला.

करीला दोन-तीन दिवस राहिले असताना त्याचा बाप आला. डोक्यावर कडब्याचा भारा होता, तो त्याने उतरवला नाही.

"दादा, पोराला माघारी घ्या."

"पाटील काही बोलले का?"

"न्हाय बोलले. तेच तर. बोलले असते म्हंजी कळलं असतं."

"तुमचा पोरगा सगळ्यांत चांगला हाकतो, माहीत आहे का?"

"ठावं हाय की. म्हणून तर आलोय." भाऱ्याखाली त्याची मान हलत नव्हती, नुसते डोळे हलत होते. "पाडव्याला मालकानं बलावलं न्हाय तर या वयात म्या कुणाच्या दारात जाऊ? हळू हाकाय सांगा त्याला. एवढंच."

"मी कुणालाही हळू हाकायला सांगणार नाही."

"तुमचं बरं हाय. तुमच्या त्या कागदात सालगड्याचं काय लिवलंय का?"

"लिहिले आहे. कष्ट करणाऱ्यांचे राज्य येणार आहे."

"पाडव्याच्या आदी येतंय का?"

तो हसला नाही, मीही हसलो नाही. तो गेला. मी हटलो नाही. पण त्याची भाकरी माझ्या तत्त्वाला बांधली गेली होती, एवढे मला कळत होते. म्हणून मी चावडीवर गेलो.

पाटील खांबाला टेकून सुपारी कातरत बसले होते. शेजारी ठाण्याचा जवान बसला होता.

"या पुढारी," पाटील म्हणाले. "आज कुणाचं राज्य उलथायचं?"

जवानाने मान वर केली. पाटलांनी त्याला सुपारी दिली. मी म्हणालो, "पाटील, करीला गाडे बरोबर सोडायचे आहेत. सगळे एका रेषेवरून."

"सोडा की. उतार काय माज्या बापानं केलाय?"

"आणि जो आधी येईल तो तोरण तोडील."

"तोडू द्या. पोरं आपलीच हायेत." मग ते जवानाकडे वळले. "पोरांचा खेळ हाय. अमीनसायबास्नी सांगा, आमी सोता हजर ऱ्हानार हाओत." झाली इजाजत.

मला भांडायचे होते आणि भांडायला काही उरले नव्हते. मी तसाच उभा राहून म्हणालो, "याचा त्रास पुढे कुणाला होऊ नये."

"कुनाला?" पाटलांनी अडकित्ता थांबवून विचारले.

नाव घेतले असते तर मीच सालगड्याला पुढे ढकलले असते. पाटील पुन्हा सुपारी कातरू लागले.

करीला पावसाने उघडीप दिली होती. मुरूम वाळून घट्ट बसला होता. मी वेशीपाशी उभा राहिलो. पाटील पारावर, त्यांच्या मागे गाव. सालगडी गर्दीच्या कडेला, डोक्यावरचे मुंडासे हातात घेऊन. वर कुणीतरी उपरणे हलवले आणि गाडे सुटले. सारे एकदम. आमच्या गावात हे कधी झाले नव्हते. लोक ओरडायचे विसरले, आणि त्या शांततेत नुसता बेरिंगांचा खडखडाट येत होता.

वळणावर दोन गाडे एकमेकांत अडकून थांबले. एक निवडुंगात गेला. सालगड्याचा पोरगा वळणातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या पुढे कुणी नव्हते. पाटलाचा धाकटा मागे होता, बराच मागे. पोरगा मी शिकवले होते तसा मान खाली घालून, वेशीकडे डोळे लावून येत होता. त्याचे दात दिसत होते. तो हसत होता की काय, ते मला अजून सांगता येत नाही.

आणि कमानीच्या अलीकडे ब्रेक लागला.

टायर मुरमावर घासला, धूळ उठली, गाडा कडेला वळून थांबला. पोरगा उठला. त्याने गाडा दोरीने भिंतीकडे ओढून घेतला आणि वाट मोकळी केली. कुणी त्याला हाक मारली नव्हती. त्याने बापाकडे पाहिलेही नव्हते. पाटलाचा धाकटा आला, वाटेत धूळ बघून गोंधळला, घाईत ब्रेक दाबला, आणि आडवा घसरत कमानीखालून गेला. तोरण त्याच्या डोक्याला लागून तुटले. हलगी वाजू लागली.

"मान राखला रं पोरानं!" गर्दीतून कुणीतरी म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटले.

धाकटा आडाच्या कठड्यापाशी पडला होता. गुडघा सोलला होता. तो लंगडत परत आला आणि त्याने सालगड्याच्या पोराची गचांडी धरली. "थांबलास कशापायी? म्या तुला धरलंच असतं!"

"न्हाय धरलं असतंस."

"मग थांबलास कशाला?"

"म्या कुठं थांबलो? पाय थांबला."

पाटील पारावरून उतरले. नारळ त्यांनी आपल्या पोराला नव्हे, सालगड्याच्या पोराला दिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पुढारी, लई चांगलं वळण लावलंत पोरास्नी." सालगड्याने मुंडासे पुन्हा बांधले. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याच्या तोंडावर जो निवांतपणा आला त्याचा आला, आणि हे दोन राग वेगळे आहेत एवढे समजण्याइतके मी वाचलेले होते.

त्यानंतर निजामाचे राज्य गेले. पत्रकांत लिहिले होते तसे गेले. चावडीवरचा झेंडा बदलला, तो पाटलांनीच चढवला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी हे कडवटपणाने लिहीत नाही, झाले ते लिहितो. ज्यांनी मला ती पत्रके दिली त्यांना मी विचारले आहे की बारा वर्षांच्या पोराच्या पायात कुणाचा अंमल असतो, आणि तो हटवायला कुठली फौज येते. त्यांचे उत्तर आलेले नाही.

पण मला त्या करीनंतरच्या दिवसांचे सांगायचे आहे. चार-पाच दिवसांनी, दुपारी, तो पोरगा माझ्या दारात आला. हातात ब्रेकची दांडी होती, खिळ्यांसकट उपटलेली.

"ही ठिवा तुमच्यापाशी."

"गाडा कुठे आहे?"

"हाय वेशीत. वर न्हेतोय."

"आता कशाला? तोरण नाही, शर्यत नाही."

"कुणी न्हाय, म्हणूनच. एकदा आत जाऊन बघतो."

"आत कठडा आहे. ब्रेक नसला तर डोके फुटेल."

"असला तर पाय तिकडंच जातोय," तो म्हणाला.

मी त्याला सांगितले की ब्रेक लावल्याशिवाय मी गाडा सोडू देणार नाही. त्याने ऐकून घेतले. "मग तुमी नका येऊ," म्हणाला, आणि गेला.

मी दांडी घेऊन धावलो. वेशीपाशी त्याने दोरी खांद्यावर घेतली होती आणि तो चढ चढत होता. गाडा मागे खडखडत होता. मी दोरीचे दुसरे टोक धरले. त्याला वाटले मी अडवतो आहे, म्हणून त्याने हिसका दिला. मग मी ओढतो आहे असे पाहून तो पुन्हा चढू लागला. एका हातात दोरी, एका हातात दांडी, असा मी त्याच्याबरोबर वर चालत राहिलो. मारुती जवळ येत होता, आणि वर पोचल्यावर यांपैकी काय सोडायचे ते माझे ठरत नव्हते.