वरच्या वस्तीतले दिवे

काउंटरवर बॅटरी ठेवली की आबा आधी तिच्यावर हात ठेवत. पंजा पसरून, बोटं न हलवता, आजारी शेळीच्या पोटावर ठेवावा तसा. मग माझ्याकडं न बघताच विचारत, "जित्ती हाय न्हवं?"

शिवऱ्याला हायवेच्या कडेला माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या, सोलरच्या बॅटऱ्या विकायच्या, चार्ज करायच्या आणि वॉरंटीत बिघडल्या तर तपासून कंपनीकडं पाठवायच्या. अलीकडं पुण्याचे लोक गाडीतच पलंग, पंखा आणि छोटा फ्रीज बसवून राजगडाच्या पायथ्याला मुक्कामाला जातात. त्यांच्याही बॅटऱ्या माझ्याकडं येतात. तुमच्यापैकी कुणी असा धंदा करत असेल तर त्याला सांगायला नको, वॉरंटीतलं गिऱ्हाईक भांडायच्या तयारीनंच पायरी चढतं. आबा तसे कधीच आले नाहीत. ते आपलं माणूस दवाखान्यात आणल्यासारखे यायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटं, पायात टायरच्या चपला. मागं दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर बॅटरी धरून उभा. आत सगळीकडं नजर फिरवून म्हणाले, "मालक कुठं गेलं?"

"मीच मालक."

"तसं न्हवं. बॅटरी बगनारं कोन?"

"ते पण मीच, आबा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग ड्रायव्हरकडं. ड्रायव्हरनं मान डोलावली. "मंग बगा, डाक्टरीणबाई," असं म्हणून ते बाकावर बसले. त्या दिवसापासून मी त्यांची डॉक्टरीण झाले ती कायमची.

ते गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर एका धनगरवस्तीत राहायचे. तिथं विजेचे खांब कधी पोचलेच नाहीत. म्हणून त्यांच्या मुलानं पुण्याहून सोलरचं पॅनेल आणून बसवलं होतं आणि बॅटरी माझ्याकडून नेली होती. ती बॅटरी आबा डोक्यावर चुंबळ ठेवून खाली गावापर्यंत आणायचे, आणि तिथून टेम्पोनं माझ्याकडं. कधीतरी वाटेत कललेल्या बॅटरीतलं ॲसिड सांडून घोंगडीला भोकं पडली होती. त्यातून ते मला बोट काढून दाखवायचे आणि हसायचे, "चावली मला."

सोलरच्या बॅटरीला सहा कप्पे असतात. आम्ही त्यांना सेल म्हणतो. काचेच्या नळीनं एकेका सेलमधलं ॲसिड ओढून बघायचं. एखादाच सेल मेलेला असेल तर दोष कंपनीचा, बॅटरी बदलून मिळते. सगळे सेल सारखेच उतरलेले असतील तर बॅटरी बिघडलेली नसते, नुसती रिकामी झालेली असते. चार्ज करायची आणि गिऱ्हाइकाला परत द्यायची. हे मी आबांना समजावलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजी म्हशीवानी," ते म्हणाले. "बाजारात घेताना बोली करायची. कासेतला सड मेलेला निगाला तर म्हस परत. आन चाराच न्हाई घातला तर दोस म्हशीचा न्हाई."

वॉरंटीचे नियम याहून सोपे करून मला आजवर कुणाला सांगता आलेले नाहीत.

त्यांचे सगळे सेल सारखेच उतरलेले होते. मी बॅटरी सावकाश चार्ज केली, ती भरली, आबा घेऊन गेले. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा दारात. पुन्हा तसेच सेल. पुन्हा चार्ज. घरात एक दिवा आणि एक मोबाईल असलेल्या माणसाची बॅटरी इतकी कशी उतरते, मला कळेना. पॅनेलवर झाडाची सावली पडते का, विचारलं. "झाड हाय कुठं तितं," ते म्हणाले.

एकदा मी म्हटलं, "आबा, एवढी पायपीट कशाला करता? बॅटरी खाली गावात आणून टेम्पोत ठेवत जा. ड्रायव्हर मला आणून देईल. तुम्ही नाही आलात तरी चालतंय."

त्यांना ते पटलं नाही. "एकलीला कशी धाडू?"

बॅटरी चार्जिंगला लावली की ते दिवसभर बाकावर बसायचे आणि संध्याकाळी टेम्पो परत निघाला की जायचे. शेळ्या त्या दिवशी खालच्या गावातल्या कुणाच्या तरी कळपात सोडलेल्या असायच्या. दुकानात येईल त्याला आबा विचारत, "कुठलं तुमी?" भोरचं कुणी असेल तर लगेच पाहुणे-सोयरे निघायचे. पण हायवेवरचे ट्रकवाले कुठून कुठून आलेले. एक जण म्हणाला, राजस्थान. आबांनी मान हलवली. "लांब हाय म्हंजी. घरी कोन कोन हाय?" त्याला मराठी येत नव्हतं, यांना हिंदी येत नव्हतं, तरी दोघं चहा संपेपर्यंत बोलत होते. त्यानं मोबाईलवर पोरांचे फोटो दाखवले. तो गेल्यावर आबा मला म्हणाले, "चांगला हाय. तीन पोरी हायेत त्याला." कसं कळलं कुणास ठाऊक.

चौथ्या-पाचव्या खेपेला बॅटरी पूर्वीसारखी भरेना. मी कंपनीच्या सर्व्हिसवाल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "घरी जाऊन बघा, जास्तीचा लोड लावलाय का. तसं असेल तर वॉरंटीत बसणार नाही." मी आबांना म्हटलं, या वेळी मीही येते. ते एकदम उठून उभे राहिले. "येता? खरंच येता?" आणि मग ड्रायव्हरला दोनदा सांगितलं की डाक्टरीणबाई वस्तीवर येनार हायेत.

गावात टेम्पो थांबवून आम्ही चढायला लागलो तेव्हा दुपार उलटली होती. बॅटरी त्यांच्या डोक्यावर, माझ्याकडं पिशवीत फक्त मीटर आणि पाने-पक्कड, तरी धाप मलाच लागत होती. वाटेत ते सारखं सांगत होते, हितं अमक्याची विहीर, हितनं तमक्याचं पोरगं पडलं होतं. मला वाटलं, वर गेल्यावर ही सगळी माणसं भेटतील.

वस्ती चांगली सहा-सात घरांची होती. कुडाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, प्रत्येकापुढं झाडून स्वच्छ केलेलं अंगण. एकाही घरातून धूर निघत नव्हता. कुत्रं भुंकलं ते फक्त आबांचं. मी विचारलं, "माणसं रानात गेलीत का?"

"गेली," ते म्हणाले, आणि पुढं चालू लागले.

जवळ गेल्यावर दिसलं, दारांच्या कड्या तारेनं बांधलेल्या होत्या. आबांनी मला चहा दिला, शेळीच्या दुधाचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे तेव्हा कळलं. मी पॅनेल तपासलं, ते ठीक होतं. बॅटरी जोडली. पण तिच्यापासून निघालेली वायर एका दिव्याकडं जात नव्हती. ती भिंतीच्या भोकातून बाहेर पडली होती, पुढच्या घराच्या वळचणीला बांधली होती, तिथून त्याच्या पुढच्या घराला. जागोजागी जोड, जोडांवर प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "थांबा वाईच. दिवेलागण बगून जावा."

सूर्य डोंगराआड गेला. त्यांनी बटण दाबलं. आणि एकेक करून नव्हे, एकदमच सगळ्या घरांत उजेड झाला. बांधलेल्या दारांच्या फटीतून, कुडाच्या भोकांतून, पत्र्याखालून. क्षणभर मलाही वाटलं की आता आतून कुणीतरी खाकरेल.

आबा अंगणात उभे राहून मला घरं दाखवायला लागले. ते पलीकडचं त्यांच्या चुलतभावाचं, तो पोरांच्या शाळेपायी भोरला गेला. त्याच्या शेजारचं एका म्हातारीचं, तिला लेकीनं नेलं. मग एका वर्षी उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा दोन बिऱ्हाडं एकदम उतरली. मागं एका सरकारी योजनेत प्रत्येक घराला एकेक दिवा मिळाला होता. त्यांच्या बॅटऱ्या कधीच संपल्या, पण दिवे आणि वायरी तशाच लटकत होत्या. आबांनी त्या सगळ्या आपल्या एका बॅटरीला जोडल्या होत्या.

"कशासाठी पण, आबा?"

"वाघरू येतं," ते म्हणाले. आमच्याकडं बिबट्याला वाघरूच म्हणतात. "एकच दिवा दिसला की त्याला कळतं, हितं एकच मानूस हाय."

मी मीटरवरचा आकडा बघत होते. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "आन मलाबी कळतं."

मी आपलं कामाचं बोलले. "आबा, बॅटरीला एवढं झेपत नाही. दोन-तीन दिवे तरी बंद करावे लागतील."

त्यांनी ते मनावर घेतलं. बराच वेळ घरांकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "कुनाचं बंद करू? तुमी सांगा."

मीही घरांकडं पाहिलं. आत्ताच त्यांनी मला प्रत्येक घरातल्या माणसांची नावं सांगितली होती. मला एकाही घराकडं बोट करता येईना. शेवटी मी एकेका दाराची तार सोडून सगळे दिवे काढून पिशवीत भरले आणि म्हटलं, "यांच्या जागी अगदी बारके दिवे देते. उजेड कमी पडेल, पण सगळ्यांना पडेल." त्या संध्याकाळी त्यांना कंदिलावर ठेवून उतरताना मला मागं वळून बघवलं नाही. बॅटरी पुन्हा तपासायला गावातल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी खाली आणली, आबांसकट.

दुकानात मी ती दोन दिवस सावकाश चार्ज केली. पाच सेल वर आले. सहावा आलाच नाही. म्हणजे एक सेल खरंच मेलेला होता. पण तो मुळातच कच्चा होता की जास्तीच्या लोडनं गेला, हे कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. मी साहेबांना फोन लावला आणि पाहिलं तसं सगळं सांगितलं.

"एवढे दिवे?" ते म्हणाले. "मग राहतात किती जण?"

"एक."

"अहो, दिवे एवढे आणि माणूस एक?"

मी आबांचं वाघराचं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं, शेवटच्या 'मलाबी कळतं'सकट. मग ते म्हणाले, "एक सेल मेलाय ना? नियमात बसतंय. बदलून देतो. पण दिवे बारके लावा, ताई."

नवी बॅटरी आली तेव्हा आबांनी तिच्यावर हात ठेवला, पण लक्ष जुनीकडंच होतं. "हिचं काय करनार?"

"कंपनी नेते. वितळवून आतलं शिसं काढतात."

त्यांनी जुनीवरची धूळ घोंगडीच्या टोकानं पुसली. "वाईट न्हवती ती. म्याच लई पळवली."

बारक्या दिव्यांवर ती नवी बॅटरी छान चालली. इतकी छान, की आबांचं येणंच थांबलं. माझ्या ते बरेच दिवस लक्षात आलं नाही. मग एकदा टेम्पोच्या ड्रायव्हरबरोबर निरोप आला, "बॅटरी बरी हाय. तरीबी येऊ का दावायला?" मी निरोप धाडला, यायलाच पाहिजे, दर महिन्याला तपासावी लागते. कंपनीचा असा काही नियम नाही. ते दर महिन्याला यायला लागले. मी सगळे सेल तपासायची, चांगले आहेत म्हणून सांगायची, आणि ते संध्याकाळपर्यंत बाकावर बसून लोकांना "कुठलं तुमी?" विचारायचे.

दिवाळीच्या थोडं आधी ते आले नाहीत. आला तो मुलगा, बॅटरी घेऊन. आबा ओल्या दगडावरून घसरले होते आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. खाली गावात कळायलाच दीड दिवस गेला. आता ते पुण्यात त्याच्या खोलीवर होते. शेळ्या विकल्या. कुत्रं गावातल्या एकानं ठेवून घेतलं. "परत चढायला जमणार नाही त्यांना," मुलगा म्हणाला. चांगला होता बिचारा, डोळे लाल झालेले, कामावर सुट्ट्या संपलेल्या. "बॅटरी वॉरंटीत आहे अजून. तुमच्याकडंच ठेवा. वर कुणी नाही आता."

त्यानं फोन लावून दिला. आबांचा आवाज बारीक झाला होता. मी विचारलं, कसं वाटतंय तिथं.

"दिवे लई हायेत वो हितं," ते म्हणाले. "खिडकीत बसलं की सरतच न्हाईत. पन कुनाचा कुठला, काय सांगता येत न्हाई."

"शेजाऱ्यांना विचारायचं की."

"इचारलं एकाला. कुठलं तुमी, म्हनून. त्यानं पोराला फोन केला, म्हातारं दारात बसून चौकशा करतंय."

मी हसले, तेही हसले. त्यानंतर एकदा-दोनदा बोलणं झालं. पुढं मुलाची नोकरी बदलली, खोली बदलली, नंबर लागेनासा झाला.

या हिवाळ्यात गुंजवणी धरणाच्या पाण्यापलीकडं पर्यटकांच्या एका मुक्कामाच्या ठिकाणी इन्व्हर्टरची बॅटरी बसवायला गेले होते. काम आटोपेपर्यंत अंधारून आलं. तिथं स्वयंपाकाला साताऱ्याकडची एक बाई दोन-तीन वर्षांपासून ठेवलेली आहे. भाकरी थापता थापता तिनं समोरच्या काळ्या डोंगराकडं हनुवटी उडवली.

"ताई, तुमी हिकडच्याच न्हवं? त्या वरच्या वस्तीला काय झालं वो? रोज सांजच्याला दिवे लागायचे तितं. म्या हितनं बघायची. येका दिवशी लागलंच न्हाईत. समदी मानसं कुठं गेली?"

मी हात पुसत डोंगराकडं पाहिलं. "पुण्याला गेली," मी म्हटलं.

"समदी? एकाच दिशी?"

"हो. सगळी."

तिच्या हातावरची भाकरी तशीच राहिली. "चांगली नांदती वस्ती हुती," ती म्हणाली आणि तव्याकडं वळली.